एकट्याची झुंज, साऱ्या गावाची जीत

जानेवारीतली संध्याकाळ. बाहेर गुडघाभर बर्फ साचलेला. पारा शून्याच्या बराच खाली गेलेला. अशा थंडीत कुणी घराबाहेर पाऊल टाकू नये. पण गावातली एकेक मोटार शाळेच्या दिशेने निघाली आहे. शाळेच्या व्यायामशाळेत लाकडी बाकांवर आजी-आजोबांपासून कडेवरच्या तान्ह्यापर्यंत सारे गाव दाटीवाटीने बसले आहे. दाराशी काही आया गरम कॉफी, मक्याच्या लाह्या आणि सँडविच विकत आहेत. येणारा पैसा मुलांच्या संघासाठी जाणार आहे. दिवे मंद होतात, एकच झोत मधल्या मॅटवर पडतो आणि जेमतेम ४८ किलो वजनाचा एक पोरगेला मुलगा त्या उजेडात येऊन उभा राहतो. सारे गाव त्याच्या नावाने ओरडू लागते.

हे दृश्य आहे अमेरिकेतील आयोवा राज्यातले. हिवाळ्यात तिथल्या कितीतरी गावांत ते पाहायला मिळते.

अमेरिकेतील कुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचे पहिलवान येतात. अवाढव्य देह, भडक पोशाख, डरकाळ्या आणि आधीच ठरलेला निकाल. तिथल्या शाळांमधली कुस्ती याच्या अगदी उलट आहे. ती खरी आहे, शिस्तीची आहे आणि तिच्यात पैशाचे बक्षीस नाही. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला ती पाहताना परकी वाटणार नाही. फक्त एका गोष्टीने तो चकित होईल. आपल्याकडे पहिलवान सहसा स्वतःसाठी, फार तर आपल्या तालमीच्या नावासाठी लढतो. तिथे मात्र प्रत्येक मुलाच्या कुस्तीचा हिशेब साऱ्या शाळेच्या खात्यात जमा होतो.

मक्याच्या शेतांचा मुलूख

आयोवा हे अमेरिकेच्या मध्यभागातले शेतीप्रधान राज्य. नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी आणि लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३२ लाख. छोटी छोटी गावे, एकमेकांपासून दूर. अशा गावात एक शाळा, एक-दोन चर्च, धान्याची उंच कोठारे आणि चार दुकाने असतात. गावाला एकत्र यायला शाळेसारखी दुसरी जागा नसते.

मक्याची कापणी उरकली की शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नेमका तेव्हाच, नोव्हेंबरमध्ये, शालेय कुस्तीचा हंगाम सुरू होतो आणि फेब्रुवारीत राज्य स्पर्धेने संपतो. पाच-सहा वर्षांची मुले गावातल्या बालगटात मॅटवर लोळायला लागतात. ज्या शाळेकडून आजोबा लढले, तिच्याकडूनच वडील आणि पुढे नातूही लढला, अशी घराणी तिथे आहेत. आपल्याकडे एखाद्या गावाची ओळख तिथल्या पहिलवानांवरून सांगतात, तसेच हे.

तिथली कुस्ती मातीत नव्हे, मॅटवर होते. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणणे, पकडीतून निसटणे, त्याची पाठ मॅटकडे वळवणे यांचे गुण मिळतात. दोन्ही खांदे दोन सेकंद मॅटला टेकवले की कुस्ती चीतपट. या मॅटशी आपलेही जुने नाते आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले ते रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

हरूनही जिंकून देणारा मुलगा

शाळेच्या संघात १४ वजनगट असतात. सर्वांत हलका गट १०६ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४८ किलोंचा. सर्वांत जड २८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२९ किलोंचा. दोन शाळांची लढत ठरली की प्रत्येक गटात एकेक, अशा १४ कुस्त्या होतात. त्यांच्या गुणांची बेरीज होऊन कोणती शाळा जिंकली ते ठरते.

या बेरजेतच सारी गंमत आहे. कुस्ती थोड्या गुणांच्या फरकाने जिंकली तर शाळेला ३ गुण मिळतात. फरक आठ किंवा त्याहून अधिक असेल तर ४. पंधरा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथेच थांबते आणि ५ गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले तर पूर्ण ६.

समजा, १३ कुस्त्या झाल्या आहेत आणि आपली शाळा ३५ विरुद्ध ३० अशी पुढे आहे. शेवटच्या कुस्तीसाठी आपल्याकडून उतरणार आहे एक नवखा मुलगा. समोर आहे जिल्ह्यात गाजलेला मल्ल. आपला मुलगा जिंकणार नाही, हे त्याला ठाऊक आहे, त्याच्या आईला ठाऊक आहे, बाकांवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तो साध्या गुणांवर हरला तर समोरच्या शाळेचे ३३ होतील आणि आपण जिंकू. मोठ्या फरकाने हरला तरी ३४ होतील, तरीही आपण जिंकू. मात्र चीतपट झाला तर त्यांचे ३६ होतील आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल.

मग त्या मुलाने करायचे काय? फक्त पाठ टेकू द्यायची नाही. सहा मिनिटे दात-ओठ खाऊन तग धरायचा. मान वाकली, खांदा दुखला, श्वास कोंडला तरी पोटावर वळायचे, पुन्हा उठायचे, पुन्हा पडायचे. शेवटची शिट्टी होते तेव्हा पंच हात उंचावतात तो प्रतिस्पर्ध्याचा. पण त्या हरलेल्या मुलाला त्याचे सोबती खांद्यावर घेतात!

शर्यतीत पहिला आलेल्याचे कौतुक सगळेच करतात. नेटाने हरणाऱ्याचे मोल मात्र फारच थोड्या ठिकाणी गुणफलकावर मांडले जाते. या शालेय कुस्तीत ते मांडले जाते. ज्या मुलाला वर्षभरात एकही कुस्ती जिंकता आली नाही, तोही अभिमानाने सांगू शकतो, ‘त्या रात्री मी पाठ टेकू दिली नाही, म्हणून आपण जिंकलो.’

जागा रिकामी ठेवायची नाही

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एखाद्या वजनात शाळेकडे मुलगाच नसेल तर समोरच्या शाळेला न लढता ६ गुण मिळतात. मोठ्या शहरातल्या शाळेला मुलांची वाण नसते. पण ज्या गावच्या शाळेत मुळातच मोजके विद्यार्थी, तिथे १४ वजनांची १४ मुले आणायची कुठून?

मग प्रशिक्षक शाळेच्या व्हरांड्यात मुले हेरू लागतात. वाद्यवृंदात बाजा वाजवणारा किडकिडीत मुलगा त्यांना हवा असतो. वर्गात सगळे ज्याला जाड्या म्हणून चिडवतात, तोही हवा असतो. बास्केटबॉलला उंची लागते, फुटबॉलला आडवा बांधा लागतो. इथे मात्र बुटका, उंच, सडपातळ, स्थूल, प्रत्येकासाठी एक गट आहे आणि त्या गटात त्याची गरज आहे. आपली कुठेतरी गरज आहे, ही जाणीव पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी किती मोठी असते, हे आई-बापांना सांगायला नको.

तरीही मुले पुरत नाहीत. खेड्यांतली वस्ती घटते आहे, शेते मोठी आणि कुटुंबे लहान होत आहेत. अशा वेळी शेजारच्या दोन शाळा मिळून एकच संघ उतरवतात. कालपर्यंत ज्या गावाला हरवण्यासाठी घाम गाळला, त्याच गावच्या मुलाबरोबर आज एका मॅटवर सराव करायचा. जुन्या माणसांना हे पचायला जड जाते. पण संघच नसण्यापेक्षा अर्धा वाटा बरा, हे शेवटी पटते. आणि दोन गावांचे लोक एका बाकावर बसून एकाच मुलासाठी ओरडायला शिकतात.

घाम, फडके आणि वजनकाटा

सरावाची खोली म्हणजे आपली तालीमच. आपल्याकडे तालमीतली पोरे हौद्यातली माती खणून सारखी करतात. तिथे मुले रोज जंतुनाशक पाण्याने मॅट पुसून काढतात. गजकर्णासारखे त्वचेचे रोग अंगाला अंग लागून झपाट्याने पसरतात, म्हणून लढतीपूर्वी प्रत्येकाची कातडी तपासली जाते. कान चोळामोळा होऊ नयेत म्हणून कानांवर संरक्षक टोपडे बांधणे सक्तीचे असते. आपल्याकडे मोडलेला कान हा मल्लाचा दागिना मानतात; तिथल्या आया तो दागिना मुलाला नको म्हणतात.

एका गटात दोन मुले असतील तर त्यांची आपसांत कुस्ती होते. जिंकेल तो संघात. हरलेला मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून त्याच मित्राच्या सरावाला उभा राहतो. हंगामभर तो मित्राला घडवतो आणि स्वतः बाकावर बसून टाळ्या वाजवतो. सतराव्या वर्षी हे शिकणे सोपे नाही.

या खेळाला एक काळी बाजूही होती. खालच्या गटात बसण्यासाठी मुले उपाशी राहत, पाणी तोडत, रबरी कपडे घालून गरम खोलीत धावत. १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा प्रकारे वजन उतरवताना मरण पावले. साऱ्या देशाला हादरा बसला. त्यानंतर नियम कडक झाले. २००६-०७ पासून शाळांमध्येही हंगामापूर्वी प्रत्येक मल्लाच्या शरीरातील पाण्याची आणि चरबीची चाचणी होते. मुलांमध्ये चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलींमध्ये १२ टक्क्यांच्या खाली जाईल इतके वजन उतरवायला परवानगी नसते. आठवड्यात शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त घट चालत नाही. कुठल्या गटात लढायचे हे आता मुलाच्या हट्टावर सोडलेले नाही. जिंकण्याच्या हौसेपेक्षा मुलाचा जीव मोठा, हे शहाणपण आले; पण तीन घरांना त्याची किंमत मोजावी लागली.

वॉटरलूचे एक घर

आयोवात कुस्तीचा विषय निघाला की एक नाव घेतल्याशिवाय तो पुरा होत नाही. डॅन गेबल. १९४८ मध्ये वॉटरलू या कारखानदारीच्या शहरात त्यांचा जन्म झाला. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कामगारांचे हे शहर. तिथल्या वेस्ट हायस्कूलमध्ये बॉब सिडन्स हे नामांकित प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली डॅन तयार झाला आणि १९६४ मध्ये, दहावीत असतानाच, राज्य विजेता ठरला.

त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस घरावर आकाश कोसळले. आई-वडील आणि डॅन मासेमारीसाठी बाहेरगावी गेले होते. १९ वर्षांची थोरली बहीण डायन मागाहून येणार होती. ती आलीच नाही. राहत्या घरात तिचा खून झाला होता. शेजारच्या एका मुलाने तिच्याविषयी काढलेले उद्गार डॅनला आठवले. त्याने ते वडिलांना सांगितले आणि त्यावरून गुन्हेगार सापडला. पण ‘हे मी आधीच का सांगितले नाही,’ ही टोचणी पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या मनात कायमची रुतली.

आई-वडील खचले. एकमेकांवर चिडू लागले. ज्या घरात मुलगी गेली ते घर विकून टाकावे, असे बोलणे सुरू झाले. तेव्हा डॅनने आपले सामान उचलले आणि तो बहिणीच्या खोलीत राहायला गेला. घर सोडायचे नाही, असा त्याचा निश्चय होता. आणि आई-वडिलांचे मन कशात तरी गुंतवायचे तर आपल्याला जिंकत राहावे लागेल, हे त्याने ओळखले.

पुढची दोन वर्षे मॅक आणि केटी गेबल मुलाच्या कुस्त्यांना जात राहिले. दुःख संपले नाही. ते संपतही नसते. पण संध्याकाळी कुठेतरी जायचे आहे, कुणासाठी तरी टाळ्या वाजवायच्या आहेत, चार ओळखीची माणसे शेजारी बसणार आहेत, एवढ्या आधारावरही मोडलेले घर उभे राहू शकते. डॅनने शाळेत ६४ कुस्त्या लढल्या आणि एकही हरला नाही. १९६४, १९६५, १९६६ अशी सलग तीन वर्षे तो राज्य विजेता होता.

महाविद्यालयात तो एकच कुस्ती हरला, तीही १९७० मधली अगदी शेवटची. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता त्याने सुवर्णपदक जिंकले. पुढे आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने १५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. पण वॉटरलूच्या जुन्या माणसांना पदकांइतकाच तो मुलगाही आठवतो, ज्याने बहिणीच्या खोलीत राहायला जाऊन आपले घर वाचवले.

मुलीही मॅटवर

कुस्ती म्हणजे मुलांचा खेळ, ही समजूत आयोवातही पक्की होती. मुलींना लढायचे तर मुलांशीच लढावे लागे. २०११ च्या राज्य स्पर्धेत नववीतली एक मुलगी पात्र ठरली. पहिल्याच फेरीत तिच्यासमोर एक बलवान मुलगा आला. पदकाचा दावेदार असूनही त्याने लढायला नकार दिला. मुलीशी अशी अंगझट करणे आपल्या धर्मश्रद्धेत बसत नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. मुलीला न लढता विजय मिळाला. देशभर वाद झाला. कुणी त्याला जुनाट म्हटले, कुणी मुलीवर टीका केली. पण त्या दोन घरांनी एकमेकांविषयी वावगा शब्द काढला नाही. मुलीच्या वडिलांनी त्या कुटुंबाच्या निर्णयाचा आदर केला.

तिढा सुटायला मात्र वेळ लागला. २०१९ मध्ये तिथल्या प्रशिक्षकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन मुलींची वेगळी राज्य स्पर्धा सुरू केली. २०२२ मध्ये मुलींच्या कुस्तीला शालेय खेळ म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. आज साऱ्या अमेरिकेत हा खेळ झपाट्याने वाढतो आहे. २०२३-२४ च्या हंगामात तिथल्या हायस्कूलांमधून ६४ हजारांहून अधिक मुली कुस्ती खेळल्या. हरियाणातल्या बलाली गावच्या फोगट भगिनींनाही सुरुवातीला मुलांशीच लढावे लागले होते, याची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

फेब्रुवारीतली मिरवणूक

हंगामातल्या शेवटच्या घरच्या लढतीला ‘सीनियर नाइट’ म्हणतात. बारावीतली मुले एकेक करून आई-वडिलांचा हात धरून मॅटवर येतात आणि आईच्या हाती फूल देतात. चार वर्षे पहाटे उठवणारी, घामट कपडे धुणारी, वजनाच्या चिंतेने ताट मोजून वाढणारी आई त्या क्षणी डोळे पुसते. बोलणे फारसे होत नाही.

मग येतात राजधानी डे मॉइनमधले राज्य स्पर्धेचे दिवस. गावोगावचे लोक बर्फातून मोटारी हाकत तिथे पोहोचतात. अंतिम कुस्त्यांपूर्वी पदकांचे मानकरी रांगेने भव्य सभागृहात प्रवेश करतात आणि हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आयोवातल्या प्रत्येक लहान मल्लाने या मिरवणुकीचे स्वप्न पाहिलेले असते.

पण ते स्वप्न फार थोड्यांचे खरे होते. बहुतेक मुलांचा हंगाम त्याआधीच कुठल्यातरी छोट्या गावच्या मॅटवर, हरलेल्या कुस्तीने संपतो. त्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यांचे नाव राज्यात कुणाला ठाऊक होत नाही. पुढे कुणी शेती करतो, कुणी कारखान्यात जातो, कुणी त्याच शाळेत शिक्षक होतो.

मग मागे उरते काय? उरते ती त्या एका रात्रीची आठवण, जेव्हा समोर आपल्याहून बलवान माणूस होता आणि पाठीमागे तेरा सोबती व सारे गाव होते. संसारात पुढे पीक बुडते, नोकरी जाते, घरातले माणूस दुखण्याने अंथरुणाला खिळते. दर वेळी जिंकता येत नाही. पण पाठ टेकू द्यायची नाही, हे त्याला ठाऊक असते. आणि आपण टिकून राहिलो तर त्याचा गुण आपल्या एकट्याच्या नव्हे, सगळ्यांच्या खात्यात जमा होतो, हेही.

लढत संपते. माणसे गळपट्टे गुंडाळून बाहेर पडतात, बर्फात मोटारींचे दिवे लागतात. आत, रिकाम्या व्यायामशाळेत दोन-तीन मुले फडकी घेऊन मॅट पुसू लागतात. उद्या पुन्हा सराव आहे.